प्रश्न क्रमांक एकवीस

पुण्याच्या गार खोलीत साहेबांनी सांगितलं,
हाच प्रश्न साठ-सत्तर देशांत विचारतात,
शब्दाला शब्द लावून:
युद्ध झालंच, तर तुम्ही देशासाठी लढाल का?
हो. नाही. सांगता येत नाही.
सूचना: उत्तर सुचवू नये. मान हलवू नये.
एका फॉर्मला पंचेचाळीस रुपये.

माझ्या वाट्याला हिरजेवाडी आली.
पुसेगावच्या पुढं फाट्यावर उतरून चालत.
घरागणिक एक तरी काळी ट्रंक,
तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण.
आता कुणाच्या ट्रंकेत ज्वारी, कुणाच्या गोधड्या.

बाबालाल मुलाणी, रिटायर हवालदार,
प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले, हो लिव्ह.
मग चहा येईस्तोवर गप्प.
मग म्हणाले, पर कंचा देश, ते लिवायला जागा हाय का?
माझा पणजा बसऱ्याला गेलता.
राजा गोऱ्यांचा, नदी तुर्कांची,
चिखल तेवढा आपल्या बुटाला.
पंचायतीम्होरच्या खांबावर सातवं नाव त्याचं.
तेबी चुकवलंय, इमामचं इनाम केलंय.
मी म्हणालो, जागा नाही.
मग ऱ्हाऊ दे, म्हणाले. हो-च ऱ्हाऊ दे.

दुपारी अनुसया शेडगे. शेंगा फोडत बसलेल्या.
एकवीसपर्यंत येताना माझाच आवाज बारीक झाला.
भिंतीवरच्या फोटोला हार नव्हता,
रोज पुसलेली काच होती.
"समद्या देशांत हेच इचारत्यात?"
"हो."
"काय म्हंत्यात?"
"कुठं दहातले नऊ हो म्हणतात. कुठं दहातला एखादाच."
शेंग हातातच राहिली.
"त्या एखाद्याच्या देशात... गावोगाव खांब नसत्याल?"
"असतील, मावशी. आपल्यापेक्षा लांब याद्या असतील."
"मग त्यास्नी ठावं हाय,"
म्हणत त्यांनी शेंग फोडली,
दाणे माझ्या तळहातावर ठेवले.
"माझा पगारासाठी गेलता. भणीचं लगीन व्हतं.
देशासाठीचा झाला तो मागनं,
पेटी आल्यावर, भाषणात."
रकाना त्यांनी सांगितलाच नाही.
मी बराच वेळ बोट वर धरून बसलो.
टॅब आपोआप झोपला.

खुस्प्यांच्या सुनेनं उलट मलाच विचारलं,
तुमचं काय लिहिलंय?
आमचं लिहायचं नसतं, म्हटलं.
खरं तर तीनदा लिहून दिलंय.
कोल्हापूर, सांगली, परत कोल्हापूर,
पहाटेच्या थंडीत उघड्या छातीवर नंबर,
एकशे सदुसष्ट सेंटिमीटर.
एकशे अडुसष्ट लागतात.
टाचा उचलल्या की मोजणारा सुभेदार
घोट्यावर काठी टेकवायचा,
हळूच, बापासारखी.
सांगता येत नाही, असा रकाना
त्यांच्या कागदावर नव्हता.

मुक्काम समाजमंदिरात.
चारला पावलांनी उठवलं.
डांबरीवर अकॅडमीची पोरं, चाळीसेक,
विहिरीपासून पोल्ट्रीपर्यंत आणि परत, सोळाशे मीटर.
शिट्टी, धाप, कुत्री.
मला एक फॉर्म कमी पडत होता, वय अठरा ते वीस.
एकाच्या बरोबरीनं धावलो, पायात चप्पल,
टॅब छातीशी धरून.
नाव आदिराज, शिक्षण बारावी,
मधले सगळे प्रश्न गाळले,
युद्ध झालंच, तर
त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
"परत येताना सांगतो,"
आणि वेग वाढवला.

मी विहिरीच्या कठड्याशी येऊन थांबलो.
पोरं परतू लागली, एकेक, दोन-दोन.
अंधारात सगळ्यांचे बनियन सारखेच.
मी मोजत राहिलो.